सात्यांचा पहिला घास

श्रावणात सात्यांची भाजी झालीच पाहिजे, मग कुणी काही म्हणो. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानटी अळंबी. आंधळगावच्या बाजारात लोक तिच्यावर तुटून पडतात, कारण श्रावणात मटण बंद आणि हिला मसाला तोच लागतो. मी मात्र कधी विकत घेतली नाही. आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या वारुळानं तशी वेळ येऊ दिली नाही.

आमच्या घरी एक रीत होती. सात्या ज्यानं काढून आणल्या त्यानं पहिला घास घ्यायचा, बाकीच्यांनी थांबायचं. चुकून विषारी निघाल्या तर आणणाऱ्यालाच भोवाव्यात. आणायचो मी. बायको रस्सा करायची, ताट वाढायची आणि म्हणायची, "मीठ बराबर झालं. आंधी तुमी खा, मंग मी बसीन." मी मोठ्या ऐटीत घास घ्यायचो. ती गालाला हात लावून समोर बघत बसायची.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. आता तुमसरचे डॉक्टर म्हणतात, अंगात ताकद नाही, प्रोटीन खा. मुलीनं नागपूरहून फोनवर मशरूमचे गुण ऐकवले, पाकिटातलं आणा म्हणाली. मी चिडलो. जन्मभर सात्या खाल्लेल्या माणसाला पाकीट काय दाखवता? पण खरं सांगायचं तर एकट्यासाठी रांधायला मनच होत नाही. वरण-भातावर भागवतो.

परवा धुऱ्यावर गेलो तर वारूळ पांढरं झालेलं. एका माणसापुरत्या काढल्या, बाकीच्या राहू दिल्या. घरी येऊन माती धुतली, हातानंच उभ्या फाडल्या, कांदा-लसूण-खोबरं भाजून वाटलं. रस्सा उकळला, पण मिठाचा अंदाज येईना. म्हणून पळीनं थोडा तळहातावर घेतला आणि चाटला.

मीठ बरोबर होतं. मी पळी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं मीठ बरोबर झालं हे ती मला कशी सांगत होती? चाखल्याशिवाय ते कळत नाही. म्हणजे दर श्रावणात पहिला घास तिनंच घेतला होता, चुलीपाशी, माझ्या पाठीमागे. आणि मग समोर बसून माझी ऐट बघितली होती.

ताट वाढून घेतलं. समोर कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं, रडूही आलं.

"आंधी तूच खात होती ना," मी म्हणालो, आणि रस्सा निवल्यावर जेवलो.