डब्यातलं शेवटचं घड्याळ

इलियासच्या अब्बांना आपल्या डोळ्यांचा भारी गुमान. शहागंजातल्या त्यांच्या दुकानात कुणी घड्याळ दुरुस्तीला टाकलं, की ते ना नाव लिहीत, ना चिठ्ठी देत. "चेहरा हीच पावती," म्हणायचे. एकाचं घड्याळ दुसऱ्याला गेलं, असं कधी झालंही नाही. पण माणूस जातो तेव्हा डोळे मागं ठेवून जात नाही. अब्बा गेले आणि इलियासच्या हाती उरला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, बिननावाच्या घड्याळांनी गच्च भरलेला.

त्यानं सगळी चालू केली. पण द्यायची कुणाला? गिऱ्हाईक गावोगावचं, आज इथं तर उद्या तिथं. तेव्हा त्याच्या लेकीनं, लाइबानं, त्याला ब्लॉग काढून दिला. इलियास मराठी शाळेत शिकलेला, मराठीतच लिहू लागला. एका वेळी एक घड्याळ, त्याचा फोटो आणि मालक कसा असेल याचा अंदाज. 'पट्ट्याचं शेवटचं भोक वापरलंय, म्हणजे गडी अंगानं भरलेला. काचेला चुना लागलाय, तंबाखू सोडा.' अंदाज बहुतेक वेळा सपशेल आपटायचे. तरी करमाडहून, पैठणहून माणसं आली, हसत हसत आपापलं घड्याळ घेऊन गेली. ज्यांचं काहीच हरवलं नव्हतं, तेसुद्धा वाचायला लागले. दिवसभर भिंगातून खाली बघणाऱ्या माणसाला एवढी माणसं भेटली, याचं इलियासला फार सुख होतं.

मग एक दिवस त्यानं लिहिलं, 'आता एकच उरलंय,' आणि गाडी तिथंच अडली. कधी उजेड बरा नाही, कधी ईदची गर्दी. नाचता येईना, अंगण वाकडं. खरं कारण त्याला ठाऊक होतं. हे गेलं की लिहायचं काय, आणि आपल्याला विचारणार कोण?

"अब्बा, वो किसी की अमानत है," लाइबा एकदा म्हणाली. तिचं तेवढं बोलणं पुरलं. त्याच दिवशी फोटो गेला: लहानसं बायकी घड्याळ, हिरवा पट्टा. 'शाळेतल्या बाईंचं असावं,' असा अंदाजही.

चार दिवसांनी पाचोडच्या चंपाबाई दुकानाची पायरी चढल्या.

"मी कुठली रे शाळेतली बाई! कापूस येचून घेतलंय ते. झाकणावर खिळ्यानं फुली मारलीय, बघ."

फुली होती. इलियासनं त्यांना बसवलं, चहा सांगितला.

"मग इतके दिवस आला का नाही, मावशी?"

"नात समदं वाचून दाखवायची. एकच उरलं म्हणलास, तवाच वळखलं, माझंच ऱ्हायलंय. पण मी आले की तुझं लिव्हणं बंद पडणार. लई गोड लागायचं रे ऐकायला. म्हणलं, ऱ्हाऊ दे थोडे दिवस."

इलियासला हसावं की रडावं कळेना. "मी बी त्याच्याच पायी थांबलो व्हतो," तो म्हणाला.

मग त्यांच्यासमोरच त्यानं शेवटचं लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'डब्यातल्या शेवटच्या घड्याळाला मालकीण भेटली. अंदाज याही वेळी चुकला. लिहिणं इथं थांबवतो. ओळख ना पाळख, तरी वाचलंत, मेहरबानी. शहागंजात आलात तर दुकानावर या, चहा माझ्याकडून.' हे लिहिताना हात जड होईल असं त्याला वाटलं होतं. पण समोर बसून कुणी ऐकत होतं, त्यामुळं जमलं.

चंपाबाईंनी घड्याळ कानाला लावलं, मग काचेवरून बोट फिरवलं. "चरा पडलाय रे हिला."

इलियासनं भिंग लावून चरा पाहिला. "काच मागवावी लागंल. ठेवून जाता?"

दोघंही खो खो हसली. इलियासनं सवयीनं चिठ्ठी आणि पेन पुढं ओढलं. अब्बांनंतर नाव लिहिल्याशिवाय त्यानं एकही घड्याळ ठेवून घेतलं नव्हतं.

"नाव कशाला लिव्हतोस?" चंपाबाई म्हणाल्या. "आता तरी वळखशील का नाय?"

इलियासनं भिंग काढून ठेवलं, मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडं एकदा नीट पाहून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं.

"वळखतो, मावशी."