पोरीच्या डोक्यावरचा हात

इच्छाशक्ती हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आणि मी जालन्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी तो मला फळ्यावर लिहावा लागतो. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक व्याख्याते आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला माईक. "मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही?" असं त्यांनी पोरांना विचारलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मनात आणलं असतं तर उठून बाहेर जाता आलं असतं. गेले नाही. टाळ्या वाजवल्या आणि नंतर त्यांना चहासुद्धा नेऊन दिला.

पण त्या माणसावर कशाला चिडायचं? तो निदान पाकीट घेऊन बोलत होता. मी हेच फुकट बोलले होते, आणि तेही घरात, सख्ख्या भावाला.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्याची पानपट्टी आहे. आधी वडील बसायचे, ते गेले तेव्हा हा सोळा वर्षांचा होता, मग हा बसला. समोर पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, त्यांच्या फटीतून त्याचा चेहरा दिसतो. मावा तो स्वतः करतो. सुपारी, तंबाखू आणि चुना तळहाताने घासून एकजीव करायचा. चुना जास्त पडला तर गिऱ्हाइकाचं तोंड भाजतं आणि ट्रकवाले शिव्या घालतात. म्हणून प्रत्येक नवा घाणा झाला की चिमूटभर आधी आपल्या गालात ठेवून बघायचा. वडिलांनी त्याला काम शिकवलं ते असं. दिवसाला असे किती घाणे होत असतील, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी माहेरी गेले. पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं आणि बेसनाचा लाडू त्याच्या तोंडाला लावला. लाडू आत जाईना. मला वाटलं मस्करी करतोय. मी म्हटलं, आ कर की नीट. त्याने केला तेवढाच तो आ होता. एकावर एक ठेवलेली दोन बोटं कशीबशी गेली असती. आतून गाल पांढरे पडले होते. वर्षभर तो पोळी वरणात भिजवून गिळत होता आणि भावजय सोडून घरात कुणाला पत्ता नव्हता. जालन्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की आता बंद केलं नाही तर पुढे काय होतं ते मला सांगायला लावू नका.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. मन नावाची चीज आहे का तुझ्यात? लोक दारू सोडतात, तुला चिमूटभर मावा सुटत नाही?

तो मान खाली घालून ऐकत होता. मग विषय संपवावा म्हणून हसून म्हणाला, "बरं, ओवाळणी काय पाहिजे ते तर सांग आक्का."

त्याची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. निरांजनाचं ताट हातात धरून ती माझ्या शेजारीच उभी होती, वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून. मी तिच्या हातातलं ताट घेऊन खाली ठेवलं, तिला त्याच्यापुढे उभं केलं आणि म्हटलं, "मला साडी नको न् काही नको. हिच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे."

भावाचा चेहरा उतरला. "आक्का, तिला कशाला मधी आणती? माझी घाल. मायची घाल."

"मायला भीत असता तर ही वेळ आली असती का?"

"बराबर बोलली ती," आमची आई म्हणाली. "पोरीपायी तरी मन घट्ट करशील."

त्याने हात ठेवला. चुन्याने तळहाताला भेगा पडलेला हात. म्हणाला, "पुन्हा खाल्लं तर हिची शपथ." शपथ अर्धीच म्हणायची आपली पद्धत आहे. खाल्लं तर काय, ते कुणी तोंडाने बोलत नाही, सगळ्यांना कळतं. ते समोर उभ्या असलेल्या पोरीलाही कळतं, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. मला, जिने बालमनावर दोन-दोन तास शिकवलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

उलट मी खुशीत होते. सुट्टी संपल्यावर स्टाफरूममध्ये फुशारकीने सांगितलं. आमच्याकडे तत्त्वज्ञान शिकवणारे एक सर आहेत, निवृत्तीला आलेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, माणसाची इच्छा स्वतंत्र नसेल तर शपथेला अर्थ नाही, आणि असेल तर तिला शपथेची गरज काय?" मला त्यांचा राग आला. म्हटलं, सर, तुम्ही पेपर तपासा. त्या प्रश्नाला आमच्याकडे दहा मार्क असतात, पोरं दोन पानं भरून लिहितात आणि विसरून जातात. मीही विसरले.

भाऊ देवदिवाळीपर्यंत टिकला. हे मला नंतर कळलं. फोनवर तो "एकदम बंद" म्हणायचा आणि मी शाबासकी द्यायचे. मग पोरीला ताप आला. टाकीच्या पाण्याने अर्धी गल्ली तापाने फणफणली होती, घरटी एक माणूस सलाइनवर होता. पण आमच्या आईने अंथरुणावरच्या पोरीच्या उशाशी उभं राहून लेकाला विचारलं, "तू खाल्लं ना? लेकराच्या जिवावर उठला ना?" आणि तो गप्प राहिला, कारण त्याने खाल्लं होतं. तापाने पडलेल्या बाकीच्या पोरांच्या बापांनी कसल्या शपथा मोडल्या होत्या, असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं. विचारायला पाहिजे होतं ते मी, आणि मला फोनवर एवढंच सांगितलं गेलं की ताप आल्ता, उतरला.

संक्रांतीनंतर चार दिवस काढून मी गेले. एसटीतून उतरले तर पानपट्टीपाशी पोरगी दिसली. अकरा वाजले होते, शाळेची वेळ. सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट पालथा घालून त्यावर बसली होती आणि बापाकडे टक लावून बघत होती. वाळली होती.

"इथं काय करून राह्यली गं? शाळा न्हाई का?"

"ध्यान ठेवून राह्यले आत्या."

"कशावर?"

"पप्पाच्या तोंडावर."

भाऊ दुसरीकडे बघत पानं पुसत राहिला.

भावजयीकडून बाकीचं कळलं. पोरगी महिन्याभरात आठ दिवससुद्धा शाळेत गेली नव्हती. ओढून नेलं तर मधल्या सुट्टीत पळून पानपट्टीवर. बाप घरी आला की आधी त्याच्या खिशात हात. मावा खायला तो ट्रकच्या आडोशाला जायचा, आठ वर्षांच्या पोरीला चुकवून, आणि खाऊन झाला की तोंड धुवायचा. तापापासून त्याने तिच्या डोक्याला हात लावला नव्हता. वेणी घालताना रिबीन धरायला बोलावलं तरी यायचा नाही.

संध्याकाळी मी आतल्या खोलीत गेले तर पोरगी खुंटीवरचा त्याचा शर्ट नाकाला लावून उभी होती. मला बघून दचकली नाही. शर्ट परत नीट अडकवला आणि मला विचारलं, "आत्या, तू शिकवती ना हे? मंग सांग. किती खाल्लं म्हंजी नुसता ताप येतो आन् किती खाल्लं म्हंजी मरत्यात?"

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. चप्पल घालून तरातरा पानपट्टीवर गेले एवढं आठवतं. मनातल्या मनात भावाला शिव्या घालत होते. इतकं होऊनही हा खातो, ह्याला काळीज आहे की दगड?

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाईक होतं, त्याला मावा बांधून दिला. मग म्हणाला, "आक्का, तू शिकलेली. मला एक सांग. सकाळपासून हे हातानं घासून राह्यलो. चव न्हाई बघितली तर चुना कमीजास्त होतो, गिऱ्हाईक जातं. चव बघितली तर लेकरू जातं. पानपट्टी बंद कर, असं तू बोलली का एकदा तरी? माय बोलली? कुणीच न्हाई बोललं. नुसतं मन घट्ट कर, मन घट्ट कर. आता कुठवर करू घट्ट?"

 पानपट्टी बंद कर असं आम्ही बोललो नव्हतो, कारण घर तिच्यावर चालत होतं. माझं बी.ए., एम.ए., बी.एड. तिच्यावरच झालं होतं. मी जालन्याच्या होस्टेलवर बसून इच्छा आणि प्रेरणा यांच्या व्याख्या पाठ करत होते तेव्हा माझा धाकटा भाऊ माळांमागे बसून चुना चाखत होता. आणि मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, मन नावाची चीज आहे का तुझ्यात.

आमच्या विषयात काही जण म्हणायचे की मनोबल दंडाच्या स्नायूसारखं असतं, वापरून थकतं. नंतर दुसऱ्यांनी तेच प्रयोग करून पाहिले तर तसं काही निघालं नाही. मी दोन्ही बाजू शिकवते. आता मला एवढंच वाटतं की माणसाच्या पोटात एका वेळी दोन इच्छा भांडत असतात. जी जिंकली तिला आपण शक्ती म्हणतो, आणि दुसरी जिंकली की माणसाला नालायक ठरवून मोकळे होतो. कोण कुठे बसलाय, हाताखाली काय आहे, हे बघायचं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं की शपथ सोडवते. लहानपणी आम्ही भावंडं एकमेकांना शपथा घालायचो, आणि ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटायची नाही. हा नियम गावातल्या प्रत्येक पोराला पाठ असतो.

आई भडकली. "सोडली तर मोकळ्यानं खाईल. आता पोरीच्या भेवानं कमी तरी झालंय."

ते खरंच होतं, आणि त्यामुळे मी तासभर चुलीपाशी बसून राहिले. धाक उपयोगी पडत होता. आधी दिवसाच्या प्रत्येक घाण्यातली चिमूट गालात जायची, ती आता दोन-तीनदाच जात होती. आणखी सहा महिने पोरगी अशीच क्रेटवर बसली असती तर कदाचित भावाचं तोंड वाचलं असतं. हा हिशोब मी केला, खोटं कशाला बोलू. मग पोरगी दप्तर न घेता चप्पल घालताना दिसली आणि मला माझीच किळस आली.

भाऊ अजून घरीच होता. मी त्याला बोलावलं, पोरीला बोलावलं, भाऊबीजेला जिथे पाट होता तिथेच दोघांना उभं केलं. म्हटलं, "शपथ मी घातली होती. मी चुकले. आता सुटली."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "तीनदा म्हण."

"सुटली. सुटली. सुटली."

"मंग आता पप्पानं खाल्लं तरी मला काही व्हनार न्हाई?"

"न्हाई. बिलकुल न्हाई. तुझा ताप पाण्यानं आल्ता."

तिने मोठा श्वास सोडला. एवढ्याशा जिवाने तो किती दिवस धरून ठेवला होता कुणास ठाऊक. मग ती बापाकडे वळली.

"आन् तुला?"

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं भाऊ हसून वेळ मारून नेईल, तो तसाच आहे. त्याने नेली नाही.

"मला व्हईल," तो म्हणाला.

 पोरगी आत गेली आणि दप्तर घेऊन बाहेर आली. जाताना तिने बापाचा हात धरून ओढला आणि भाऊ तिला शाळेपर्यंत सोडायला गेला. पानपट्टी त्या दिवशी तासभर उशिरा उघडली.

त्याचा मावा सुटलेला नाही. कमी झालाय, पुन्हा वाढतो, पुन्हा कमी होतो. चव बघायला त्याने आता एक ओळखीचा ट्रकवाला धरलाय, तो असतो तेव्हा ठीक, नसतो तेव्हा गाल आहेच. शेजारचा गाळा रिकामा होणार आहे, तिथे रसवंती टाकायचं आम्ही दोघं बोलतोय. या वेळी मी नुसतं बोलत नाहीये, गाळ्याच्या मालकाला दोनदा भेटून आले. डॉक्टरांकडेही मीच घेऊन जाते. तरी राग जात नाही. वर्गात इच्छाशक्तीचा धडा आला की खडू हातात मोडतो.

यंदाच्या भाऊबीजेला मी ओवाळायला बसले. ताटात बघितलं तर लाडू आधीच फोडून ठेवलेला होता, सुपारीएवढे बारीक तुकडे करून. मी भावजयीकडे बघितलं, तिने मानेने नाही म्हटलं. पोरगी निरांजनाला हाताचा आडोसा करून उभी होती आणि बापाच्या तोंडाकडे बघत होती, केवढा तुकडा जाईल ते.