कुंकवाच्या डबीतली रिंग

जळगावच्या आमच्या बायकांच्या दवाखान्यात किस्से जिनिंगमधल्या कापसासारखे साचतात! पहिल्या किश्श्याला मात्र मला हसू आलं नव्हतं. माझ्या टेबलावर कुणीतरी कुंकवाची डबी ठेवून गेलं होतं. उघडली, तर आत आमचीच रिंग! धुतलेली, पुसलेली. मी किंचाळलेच.

मी इथली कौन्सेलर. ज्या बायकांचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येतं, त्यांना ते वर धरून ठेवायला आमच्या डॉक्टर मॅडम आतून ही मऊ सिलिकॉनची रिंग बसवतात. पुढच्या तपासणीचे फोन मी करते.

डबीवाल्या ताई बाहेरच बसल्या होत्या. "आता अंग खाली येत नाही ना! दुसऱ्या कुणा बिचारीला द्या."

मॅडम म्हणाल्या, "ताई, चष्म्यातून दिसायला लागलं की चष्मा परत करता का?"

ताई डबी घेऊन रिंग पुन्हा बसवून घ्यायला आत गेल्या!

*

धुळ्याच्या एका वहिनींचा नवरा ट्रकवर. तो घरी आला, की वहिनी रिंग काढून डाळीच्या डब्यात लपवणार. "त्यांना कळलं तर?"

एकदा ती रिंग सासूबाईंना सापडली. त्यांनी तिच्यावर तेलाची बुधली ठेवली. "बरं झालं, ओट्यावर डाग पडत नाही!"

वहिनी दोन महिने स्वतःची रिंग ओट्यावर बघत राहिल्या. शेवटी त्रास वाढला आणि त्या रडत रडत सगळं बोलल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला वीस वर्षं हेच आहे!"

आता दोघी एकाच दिवशी तपासणीला येतात. बुधलीखाली वाटी असते!

*

भडगावच्या सुमनअक्कांनी मात्र माझी झोप उडवली. चूक माझीच. रिंग बसवली त्या दिवशी त्यांची एसटी सुटत होती. मी म्हटलं, "काढायची-धुवायची कशी, ते पुढच्या वेळी शिकवते." पुढची वेळ आलीच नाही. सहा महिने रिंग आतच! जखम झाली असली तर?

फोन त्यांच्या यजमानांकडे, नानांकडे. "काय काम शे?" नानांनी दरडावलं. मी इतकी दचकले, की तोंडातून निघालं, "चष्म्याची तपासणी आहे!"

"तिले चष्माच नही शे!" फोन कट. नंतर कितीदा केला, कुणी उचललाच नाही.

मॅडमना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुलाच लाज वाटते, तर तिनं कुणाला सांगायचं?"

गुरुवारी सकाळी मी पाणी प्यायले, वाक्य पाठ केलं आणि नंबर लावला. फोन उचलला गेला. मी एका दमात सुटले, "नाना, अक्कांचं अंग बाहेर येतं, आत रिंग आहे, ती काढून धुवायला हवी, त्यांना आजच्या आज घेऊन या!"

पलीकडे एसटीचा खडखडाट. मग अक्कांचाच आवाज.

"हळू बोल वं माय! नानानीच फोन हातमा दी धाडं माले, म्हने जाय, चष्मा लई ये. फोन स्पीकरवर शे, एसटीमातल्या बठ्ठ्या बाया ऐकी राह्यन्यात... आनि त्यामातल्या चार जणी मनासंगे तुनाकडेच ई राह्यन्यात!"