टरफलासकट

पहिलीतल्या आरोहीनं माझ्या हातातलं अंडं घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि ओट्याखालच्या मातीत टाकून दिलं. मुद्दाम. वर म्हणाली, "आज्जी म्हणतीया, तू सोललेलं खायचं न्हाय. टरफलासकट दे."

सहा वर्षांची पोर. ओठ थंडीनं फुटलेले, नाक वाहतंय. पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेवढ्यात कुत्रं आलं, अंडं उचलून पळालं. कुत्र्याला माझा हात चालला.

आणि मी काय केलं असेल? मी माझे हात बघितले. मला वाटलं, मळलेत.

ही गोष्ट तीन हिवाळ्यांपूर्वीची. तेव्हा मी साठीची. म्हणजे आत्ताच्या मानानं तरणीच, आणि अक्कल तर अजून पाळण्यात. अक्कलकोट रोडच्या आतल्या अंगाला आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवून मला नऊ वर्षं झाली होती. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. आमची जात सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळं वरच्या आळीतली पोरं घरनं डबा आणायची. "पोरांना खिचडी बाधती," असं त्यांच्या आया सांगायच्या. नऊ वर्षं मी ते खरं मानलं. तिखट कमी करून बघितलं, डाळ बदलून बघितली. एकदा तर खिचडीत ओवा घातला. बाधू नये म्हणून! काय हुशार बाई.

मग थंडीत अंडी सुरू झाली. दर बुधवारी पोराला एक उकडलेलं अंडं, न खाणाऱ्याला केळं. पहिल्याच बुधवारी वरच्या आळीची पोरं डबे बंद करून माझ्यापुढं रांगेत उभी राहिली. गरम अंडं आधी गालाला लावायची, स्वेटरच्या खिशात घालून हात शेकायची, मग खायची. मी घरी जाऊन सुनेला म्हटलं, "बघ, खाल्लं की न्हाय शेवटी माझ्या हातचं!" दुसऱ्या बुधवारी ठेवणीतली साडी नेसून गेले. अंडी वाटायला! सून बघतच राहिली.

अंड्याला टरफल असतं. केळ्याला साल असते. माझा हात वरच्यावर राहत होता, आत जात नव्हता. हे अख्ख्या आळीनं पहिल्याच दिवशी हेरलं होतं. मी एकटीच साडी नेसून खूश.

तिसऱ्या बुधवारी आरोहीची बोटं गारठली होती. तिला टरफल निघेना, म्हणून मी काढून दिलं. तेच ते मातीत गेलेलं.

त्या दिवशी घरी येऊन मी नवा साबण काढला. नखं कापली. हात घासून घासून लाल केले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. "सर, मला ते डॉक्टर घालतात तसले हातमोजे मागवा की. मग सोललेलं चालंल त्यांना."

सरांनी कागदातनं डोकं वर काढलं नाही. "मावशी, प्रश्न स्वच्छतेचा नाही."

"मग कशाचा, सर?"

त्यांनी कागद बाजूला सारले. 

"सोलू नका तुम्ही. टरफलासकट वाटा. ऊसतोडीची पोरं आधीच आईबापामागं श्रीपूरच्या कारखान्याकडं गेलीत. त्यात वरच्या आळीनं दाखले काढले तर पट किती उरतो? शाळा बंद होईल. मग तुमचंही काम गेलंच की."

"व्हय सर," मी म्हटलं.

सरांना गाव भला माणूस म्हणतं. मीही म्हणायचे. पोरांच्या आधी जेवणाची चव बघायची आणि चवीच्या वहीत सही करायची, हा शाळेचा नियम. सर रोज सही करायचे. 'चव उत्तम.' नऊ वर्षं मी ते 'उत्तम' वाचून फुगत होते. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षरं वाचता येत होती. सरांचं तोंड कधी हललेलं मी बघितलं नव्हतं, एवढं मात्र वाचता आलं नाही.

चौथा बुधवार. टरफलासकट वाटलं. आरोहीनं अंडं पायरीवर आपटलं, तसंच तोंडात कोंबलं. टरफल हिरडीत घुसलं. पांढऱ्या अंड्यावर रक्ताचा ठिपका उमटला. ती माझ्याकडं आली. आज्जीनं पढवलेलं सगळं विसरून तिनं अंडं माझ्यापुढं धरलं. हळूच म्हणाली, "सोल की."

मी हात पाठीमागं घेतले.

"तुझी आज्जी रागवंल," मी म्हटलं.

पोर रडली. चार लेकरं वाढवलेली बाई मी, हात पाठीमागं धरून बघत उभी राहिले. कुणी बांधले नव्हते. माझे मीच बांधले होते. मातीत गेलेलं अंडं मी एखाद्या वेळी विसरले असते. हे विसरता येत नाही. आज लिहितानाही मान खाली जाते.

पाचव्या बुधवारी लवकर गेले. अंडी उकडली आणि सगळी सोलली. सगळी. अंगठ्याला चटका बसला, तरी सोलली. परात भरून ओट्यावर ठेवली. पहिलं अंडं ताटलीत घेऊन सरांपुढं गेले. पोरं रांगेत बसलेली.

"चव बघा, सर. नियम हाय."

"माझा उपास आहे आज."

"बुधवारी? कुठल्या देवाचा?"

पोरं हसली. सर ऑफिसात गेले. दार लावून घेतलं.

काही पोरांनी अंडी उचलली, काही डबे उघडून बसली. आरोही बराच वेळ परातीकडं बघत होती. मग तिनं एक घेतलं. अर्धं खाल्लं असेल तोवर फाटकातनं तिची आज्जी आत आली. माझ्याच वयाची. तिच्या शेतात मी ज्वारी काढलीय, ओंजळीनं पाणी पिलंय.

"अगं ए, माजलीस व्हय? पोरीच्या तोंडात काय घालतीस?"

"अंडं हाय, अक्का. पटत नसंल तर कोंबडीला इचारा."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. नातीचा गाल दाबला. "थुंक."

आरोहीनं माझ्याकडं बघितलं आणि थुंकली.

त्या आठवड्यात सात दाखले गेले. ती पोरं आता पिवळ्या गाडीनं इंग्लिश मिडियमला जातात. सकाळी गाडी माझ्या शेजारनं जाते, आरोही खिडकीत असते, बघत नाही. पुढं वरून निधी आला नाही म्हणून अंडीच बंद झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. एक अख्खा दिवस वाटलं. त्याचीही लाज आहेच.

यंदाच्या थंडीत अंडी परत सुरू झालीत. कमी पटाच्या शाळांची यादी निघणार, अशी बातमीही आहे. काल पालकसभेत मागनं कुणीतरी म्हणालं, "हिच्या हट्टापायी शाळा जाणार." सर मला म्हणाले, "मावशी, यंदा जरा सांभाळून घ्या. टरफलासकट."

मी उठले.  म्हटलं, "अंडी मी सोलून देणार. पहिलं तुमच्या ताटलीत, सर. तुम्ही खाल्ल्याबगर वही पुढं करणार न्हाय. मला काढायचं तर कागदावर लिहून काढा. आणि का काढलं, ते खरं लिहा."

पेन सगळ्यांच्या खिशाला होतं. कुणी काढलं नाही.

उद्या बुधवार आहे.