मामा म्हणाला, येऊ नको

आणि परत सांगतो मामा, मी पळालो नव्हतो. तू हाकललंस मला.

सगळ्या पाहुण्यांत तू सांगत फिरलास, पोरगं एका जागी टिकत न्हाय.
खोटं नाही ते. नववीत शाळा सुटली. मग अक्कलकोट रोडला, तू कामाला होतास त्या चादरीच्या कारखान्यात मागावर, मग चिंचोळीच्या एमआयडीसीत, मग वैरागला दुकानात. मग डायरेक्ट बेंगलोर.

आज वर्ष झालं तुला जाऊन. भांडायला कोण नाही, म्हणून इथं ग्रुपवर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी एका लॅबमध्ये हेल्पर आहे. काचा धुवायच्या, त्यांवर पॉलिमरचा पातळ थर द्यायचा. त्या थरावर सेल ठेवतात. सेल म्हणजे अंगातल्या पेशी. जिवंत.

मामाला फोनवर एवढंच बोललो होतो, सेलचं काम आहे.

मामानं अख्ख्या कारखान्याला सांगितलं, भाच्यानं बेंगलोरात चादर-टॉवेलचा सेल लावलाय. आठवड्यात ट्रान्सपोर्टनं टॉवेलचा गठ्ठा हजर. वर फोन, भाव पाडू नको म्हणून.
लॅबमधली माणसं हसून हसून बेजार. सगळे टॉवेल खपले पण.

तरी मला करमेना. भाषा कळत नव्हती. काचेवर बोट उमटलं तरी बोलणी. एक दिवस बॅग भरली आणि तुला फोन केला. येतोय, मागावर घे.

तू हो म्हणशील हे धरूनच चाललो होतो. मला उशीर झाला की माझा माग तू चालवायचास. माझ्यासाठी मालकाची बोलणी तू खायचास.

तू विचारलंस, ते सेल दिवसभर करतात तरी काय?

सांगितलं. थर सायीसारखा मऊ असला की सेल गोळा होऊन बसतो. कडक असला की पाय पसरतो, रोवतो, सरकायला लागतो. एकाच काचेवर निम्मा मऊ निम्मा कडक दिला तर मऊकडनं कडककडं जातो. लॅबच्या मॅडमनी मायक्रोस्कोपमध्ये दाखवलंय मला.

फोनमध्ये मागांचा खडखडाट.

"येऊ नको."
"का?"
"हितं मी हाय की. मऊ जागा हाय ही."

फोन ठेवलास.

लई राग आला. बॅग तशीच भरलेली ठेवली. लागेल तसा एकेक कपडा काढून घालत गेलो. एक दिवस बघतो तर रिकामी.

आता थराचं मिश्रण मीच करतो. लई कडक झालं तर सेल नुसता धरून बसतो, हलत नाही. ते प्रमाण सापडायला आम्हाला महिने लागतात.
तुला एका फोनमध्ये सापडलं.

तुझ्यामुळं उभा आहे मामा. निवांत राहा आता.

मामीला कोणीतरी हे वाचून दाखवा.
मामी, "मला काय कळतंय तिथलं" म्हणून दरवेळी इकडं यायचं टाळलंस. आता एकटी बसू नको घरात. सेल चालताना बघायला ये, मॅडमना विचारून ठेवलंय.
तिकिटाला आणि वाटेत खायला दोन हजार पाठवतोय.