सात हजार बेटांचा पाहुणा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा तेव्हा न्हावा-शेव्याच्या बंदरात नोकरीला होता. एका रविवारी तो न सांगतासवरता एका खलाशाला नेरूळच्या आमच्या घरी जेवायला घेऊन आला. खलाशी फिलिपीन्सचा, चाळिशीचा, बुटका, हसरा. त्याने वाकून सासूबाईंचा हात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला टेकवला. त्या दचकल्या.

"अगं बाई, हे काय?"

"आई, त्यांच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात."

"हो का? औक्षवंत हो रे बाबा," सासूबाई एकदम विरघळल्याच.

माझी पंचाईत वेगळीच. घरात नुसतं वरण-भात आणि वांग्याची भाजी. तेवढ्यात शेजारच्या सारसोळे गावातली आमची नेहमीची कोळीण मावशी दारात आली. पाहुणा उठला, टोपलीपाशी उकिडवा बसला आणि कोलंबी निवडायला लागला.

"यो कोन? नेपाली हाय का?" मावशीने विचारलं.

"नाही मावशी, लांबच्या बेटांवरचा. त्याची आईपण मासळी विकते," नवरा म्हणाला.

"मंग आमचाच हाय!" म्हणत तिने मूठभर कोलंबी वर घातली.

कोलंबी पाहुण्यानेच रांधली. लसूण, मिरी आणि वाण्याकडून आणलेलं व्हिनेगर, बस्स. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग दोनदा वाढून घेतली. तोही आमच्यासारखाच हाताने जेवला. देशाबद्दल विचारलं तर त्याने ताटातली शितं पसरली. "ही आमची बेटं. सात हजारांच्या वर." त्याचं इंग्रजी नवरा मराठीत सांगत होता. दरवर्षी वादळं येतात, घरं पडतात, लोक पुन्हा बांधतात. नाताळची गाणी सप्टेंबरातच सुरू होतात. आणि घराघरातलं कुणी ना कुणी पोटासाठी परदेशी.

"तुला मुलं किती?" सासूबाईंनी विचारलं.

दोन मुली. धाकटी जन्मली तेव्हा तो जहाजावर होता. घरी गेला तेव्हा ती चालत होती, आणि त्याला बघून पळाली. सासूबाईंनी त्याला आणखी भात वाढला. तो हसला. "गाणं म्हटलं, तेव्हा जवळ आली."

"मग म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

काय आवाज होता! शेजारचे दारात जमले. परतीच्या वाटेवर टोपली विसरून जिन्यात टेकलेल्या मावशीने मग कोळीगीत म्हटलं, आणि त्यावर हा गडी चक्क नाचला.

निघताना सासूबाईंनी त्याला आमसुलं बांधून दिली आणि सार कसं करायचं ते हातवारे करून शिकवलं. महिन्याभराने बंदरावर निरोप आला: सार सगळ्या जहाजाला आवडलं, आमसुलं संपली, आणखी पाठवा.