शालीऐवजी ॲप्रन

सगळ्यांना शाल घातली. मला ॲप्रन घातला.

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळाचा गुणगौरव समारंभ होता. बारावी पास झालेली मुलं स्टेजवर ओळीनं उभी. शाल, नारळ, फोटो. माझी पाळी आली तसा ताईंनी पिशवीतून लाल ॲप्रन काढला, माझ्या गळ्यात अडकवला आणि मागून स्वतः गाठ मारली. मग माइकवर म्हणाल्या, "ही आमच्या घरचीच. डिग्रीच्या मागे न लागता हिनं केटरिंगचा कोर्स निवडलाय. आईसारखीच हाताला चव आहे हिच्या."

टाळ्या पडल्या. मी काहीही निवडलं नव्हतं.

ताई म्हणजे शोळिंगनल्लूरच्या ज्या घरी आई स्वयंपाक करायची, तिथल्या मालकीणबाई. नवऱ्याची बदली चेन्नईला झाली तेव्हा आईला सोलापूरहून त्यांनीच आणलं, आणि हे त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. मी इथल्या सरकारी शाळेत तमिळमधून शिकले. गणितात शाळेत पहिली आले. सरकारी कॉलेजात बी.एस्सी. गणिताला माझी जागा लागली होती आणि त्याच आठवड्यात ती घ्यायची मुदत संपत होती. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, तुमच्यात तीन वर्षं बसून शिकणं परवडतं का कुणाला?

त्यांचा अर्णव माझ्याच वयाचा. गणितात काठावर पास. त्याला पैसे भरून इंजिनियरिंगची सीट घेतली होती. त्याला बसून शिकणं परवडतं का, हे कुणी विचारलं नाही. तो माझ्या शेजारीच शाल पांघरून फोन बघत उभा होता.

स्वयंपाक वाईट नाही. आईच्या त्या हातांवरच आम्ही जगलो. कोर्सचा मला राग नव्हता. माझं आयुष्य त्यांनी ठरवायचं आणि वर ते मीच निवडलं म्हणून सांगायचं, याचा राग होता.

मागच्या रांगेतून आई डोळ्यांनी खुणावत होती. वाक, पाया पड.

मी वाकले नाही.

रागात माझ्या तोंडून तमिळच येतं. "वेंडाम," मी म्हणाले. मग सगळ्यांना कळावं म्हणून माइक ओढला. "नको मला. मी हे निवडलेलं नाही. मला गणितात डिग्री करायची आहे. हा ॲप्रन अर्णवला घाला, त्याला अजून चहा करता येत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. तो चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. आईनं मला बदडलं. खाल्ल्या मिठाला जागली नाहीस, म्हणाली. मी म्हटलं, "मीठ तू घालत होतीस, आई. खात ते होते." पण जागा घ्यायला ती कॉलेजात माझ्याबरोबर आली. आता ती मुलींच्या एका हॉस्टेलात स्वयंपाक करते.

मी शेवटच्या वर्षाला आहे. परवा ताईंचा फोन आला. यंदाच्या समारंभाला ये, मुलांपुढे चार शब्द बोल, आपल्या मंडळाची मुलगी म्हणून ओळख करून देऊ. झालं गेलं विसरून जा म्हणाल्या.

मी हो म्हटलं. अगदी गोड आवाजात.

ॲप्रन माझ्याकडेच आहे. आई त्याचं फडकं करायला निघाली होती, मी हातातून ओढून घेतला. तोच घालून स्टेजवर चढणार आहे. त्यांचे शब्द, जसेच्या तसे, त्यांच्याच माइकवर त्यांना ऐकवणार आहे. आणि यंदा माझ्यासारख्या ज्या पोरीसाठी त्यांनी पिशवीत ॲप्रन आणला असेल, तिला पुढे बोलावून विचारणार आहे, तुला काय शिकायचंय?

तिचं सांगून होईपर्यंत ताईंच्या हातात माइक जाणार नाही.